विठ्ठलावर भार आहे, मग बेगमी कशाला?

मावशी, सप्रेम नमस्कार.

आम्ही सांगलीत शामरावनगरला तळमजल्यावर भाड्याने राहतो. मी, मिस्टर, सासूबाई आणि चार वर्षांची मुलगी. मिस्टर कुपवाडच्या एमआयडीसीत कामाला आहेत, मी घरी ब्लाउज शिवते. 2019 चा पूर आला तेव्हा आम्ही इथे नव्हतो, पण मागच्या भिंतीवर त्या पाण्याची रेघ अजून दिसते. माझ्या डोक्याच्या वर आहे. पावसाळ्यात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी चढायला लागलं की माझी झोप उडते. घरात चार दिवसांचं खाणं, पाणी, औषधं असावीत असं मला वाटतं. मिस्टरांनी मोबाईलवर बघून पंधरा हजारांचं सामान हप्त्यावर घ्यायचं काढलंय. सासूबाई माळकरी आहेत. त्या म्हणतात, "साठा करायचा म्हणजे पांडुरंगावर विश्वास नाही. ज्याने चोच दिली तो चारा देईल." माझ्या हातात शिलाईतून महिन्याला जेमतेम तीनशे रुपये उरतात. मावशी, साठा केला तर देवावरचा भरवसा कमी पडला असं होतं का? तीनशे रुपयांत काय होणार? आणि सासूबाईंना न सांगता मशीनखाली थोडं थोडं ठेवत गेले तर चालेल का?
– एक सून, सांगली

अगं, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते. लपवून काही ठेवू नकोस. मशीनखाली पिशवी सरकवलीस तर पाणी आलं की तीच आधी भिजेल, हा एक भाग. पण खरं कारण वेगळं आहे. घर सोडायची वेळ येईल तेव्हा सासूबाईंचा हात धरून तुलाच त्यांना बाहेर काढायचं आहे. त्या वेळी त्यांचा तुझ्यावर पुरता विश्वास हवा. त्यांच्या पाठीमागे जमवलेला डबा त्या दिवशी घरात भांडण होऊन बाहेर येतो. आणि दुसरं म्हणजे, घरातल्या साठवणीचं ज्ञान तुझ्याकडे किंवा तुझ्या नवऱ्याच्या मोबाईलमध्ये नाही, ते त्यांच्याकडे आहे. त्यांना बाजूला ठेवून हे काम नीट होणारच नाही.

त्यांच्या म्हणण्याला भोळेपणा म्हणून सोडून देऊ नकोस. त्यांच्या पिढीने 1972 चा दुष्काळ पाहिलाय. रोजगार हमीच्या कामावर खडी फोडणारे आईबाप, रेशनवरचा लाल मिलो, मुलांच्या हातावर पडणारी सुकडी. असल्या दिवसांत "तो चारा देईल" हे वाक्य धरूनच बायांनी चुली पेटत्या ठेवल्या. ज्या वाक्याने एखाद्या माणसाला उभं ठेवलं, ते खोडायला जाऊ नये. त्यांना एवढंच विचार, "आई, तुम्ही वारीला गेलात तेव्हा दिंडीत जेवायची सोय कशी होती?"

त्या सांगतीलच. दिंडी निघायच्या आधी भिशी, म्हणजे जेवणखर्चाची वर्गणी, जमा होते. तांदूळ, डाळ, पीठ, तेल, गॅसच्या शेगड्या, ताडपत्र्या, मोठाली पातेली असं सगळं ट्रकमध्ये भरलं जातं. दिंडी चालत असते आणि ट्रक पुढच्या मुक्कामावर जाऊन चूल मांडतो. पाण्याचा टँकर वेगळा. हे सगळं करणारी माणसं गळ्यात तुळशीची माळ घालणारीच असतात. शिधा बरोबर घेतला म्हणून कुणाच्या मनात कधी आलं नाही की आपला माउलीवरचा विश्वास डळमळला. मैलोन् मैल चालणाऱ्यांच्या पोटाची काळजी आधीपासून घेणं हीसुद्धा सेवाच मानली जाते. मग घर तरी काय वेगळं?

दामाजीपंतांची कथा त्यांनी कीर्तनात कितीदा ऐकली असेल. मंगळवेढं तुमच्यापासून फार लांबही नाही. दुष्काळ पडला, माणसं अन्नावाचून तडफडायला लागली आणि बेदरच्या बादशहाची धान्याची कोठारं दामाजीपंतांनी लोकांसाठी खुली केली. बादशहाचं बोलावणं आलं, तेव्हा विठ्ठल विठू महाराच्या रूपाने दरबारात गेला आणि धान्याचं मोल भरून आला. कथेचा हा शेवट आला की सगळ्यांचे डोळे भरतात. पण कोठार भरलेलं होतं म्हणून ते उघडता आलं, हेही त्या कथेतच आहे. आणि देव कुणासाठी धावला? ज्याने भरलेलं कोठार दुसऱ्यासाठी मोकळं केलं त्याच्यासाठी. तुझ्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर यात आलं. साठा करणं म्हणजे अविश्वास नाही. साठा कशासाठी करतेस आणि कुणाकुणाला त्यात धरतेस, त्यावर ते ठरतं. भीतीपोटी दुकानातलं होतं नव्हतं ते उचलून आणणं वेगळं. 24 मार्च 2020 च्या रात्री लॉकडाऊन जाहीर झाल्यावर दुकानांसमोर जी झुंबड उडाली ती भीती होती. तिने ज्याच्या हातात रोजचे पैसे त्याच दिवशी येतात त्याच्यासाठी काही शिल्लक ठेवलं नाही. मृगाच्या आधी शांतपणे डबे भरून ठेवणं ही आपली रीत आहे. कोकणात आगोट भरतात, गोव्यात मडगावला पुरुमेंताचं फेस्त भरतं आणि ख्रिस्ती घरांतून पावसाळ्याचं सुकं सामान त्या जत्रेतून येतं. या कुणाच्याच घरातून देव निघून गेला नाही.

आता सुरुवात कशी करायची ते सांगते. तीनशे रुपयांनाही हात लावायच्या आधी एक डबा रिकामा कर आणि तो सासूबाईंच्या ताब्यात दे. रोज स्वयंपाकाला तांदूळ काढशील तेव्हा त्यातली एक मूठ त्या डब्यात टाकायची, पांडुरंगाचं नाव घेऊन. मूठ सासूबाईंचीच असू दे. ही पद्धत मी नवीन काढलेली नाही, जुन्या घरांत बायका असं मुठीचं धान्य बाजूला काढायच्या. चार माणसांच्या भातात एक मूठ कमी झालेली कळत नाही, पण महिन्याला सवा-दीड किलो तांदूळ साठतो. देवघरातली अन्नपूर्णा तुम्ही तांदळावरच बसवता ना? तसाच हा तांदूळ तिचा समजा. आणि पहिल्या दिवसापासून ठरवून टाका की या डब्यातला काही हिस्सा आपला नाही. शेजारच्या खोलीत एकट्या राहणाऱ्या आजी असतील, नवीन आलेलं बिहारचं कामगार कुटुंब असेल, त्यांच्यासाठी तो. सासूबाईंचा विरोध इथेच मावळेल असं मला वाटतं, कारण हे काम त्यांच्या श्रद्धेतूनच उगवणारं आहे. आणि मावळला नाही तरी डबा भरतोय, हे त्यांना रोज स्वतःच्या हाताने दिसेल.

मात्र नुसत्या तांदळावर भिस्त ठेवू नकोस. पुराच्या दिवसांत घरात काय अडतं ते बघ. वीज जाते. वीज गेली की गिरणी बंद. गिरणी बंद म्हणजे पोतंभर ज्वारी किंवा गहू असला तरी भाकरी-चपाती होत नाही. गॅस असेल तर भात होईल, पण पाणी ओट्यापर्यंत आलं आणि तुम्ही वरच्या मजल्यावर कुणाच्या तरी खोलीत बसलात तर तिथे कुठला गॅस? म्हणून पहिल्या दोन-तीन दिवसांचं खाणं असं हवं की जे न शिजवता खाता येईल. पोहे हे त्यातलं सगळ्यात भरवशाचं अन्न. पाण्याने ओले केले, गूळ घातला की मुलीचं पोट भरतं. कांदा, तिखट-मीठ आणि वरून कच्चं तेल घातलं की मोठ्यांचं जेवण होतं. त्याच्या जोडीला फुटाणे, शेंगदाणे, कुरमुरे, ज्वारीच्या लाह्या, मेतकूट, सातूचं पीठ, आणि तुमच्या तासगावकडचे बेदाणे. दुधाच्या पावडरीचा एक छोटा पुडा मुलीसाठी. 2019 ला पुण्या-बंगळूरचा महामार्ग शिरोलीपाशी पाण्याखाली जाऊन काही दिवस बंद होता, तेव्हा तुमच्या दोन्ही जिल्ह्यांत दूध, भाजी, पेट्रोल सगळ्याचीच ओढाताण झाली होती. लहान मुलाच्या आईला दुधाची काळजी आधी लागते.

सासूबाईंना शुगर आहे का, ते तू लिहिलेलं नाहीस. त्या वयात असण्याची शक्यता आहे म्हणून सांगते. असेल तर पोहे-गूळ हे त्यांचं खाणं नव्हे. त्यांच्यासाठी फुटाणे, शेंगदाणे, सातू, लाह्या वेगळ्या पिशवीत ठेव. आणि शुगरच्या काही गोळ्या अशा असतात की त्या घेऊन पोट रिकामं राहिलं तर साखर एकदम खाली येते, घाम फुटतो, हातपाय थरथरतात. असं झालं तर लगेच साखर किंवा गूळच द्यायचा. गोळ्या आणि खाणं दोन्ही एकाच ठिकाणी असू दे. रोजच्या गोळ्या पंधरा दिवसांच्या जास्त आणून ठेवता येतील का, ते डॉक्टरांना विचार आणि चिठ्ठीचा फोटो तुझ्या मोबाईलमध्ये काढून ठेव.

तीनशे रुपयांचं आता बोलू. पहिल्या महिन्यात दोन किलो जाडे पोहे, किलोभर गूळ, अर्धा किलो फुटाणे. आजच्या भावाने हे तीनशेच्या आत बसतं. एवढ्यात चार माणसांचे दोन दिवस निघतात. हे झालं की तुझी निम्मी धास्ती कमी होईल बघ. पुढच्या महिन्यात खायचं काही आणू नकोस, विसाविसा लिटरचे पाण्याचे दोन कॅन घे. त्याच्या पुढच्या महिन्यात शेंगदाणे आणि मीठ-साखर. मग एक चांगली बॅटरी. मग मूगडाळ आणि मसूर, कारण त्या लवकर शिजतात आणि गॅस कमी लागतो. असं प्रत्येक महिन्याला एकच काहीतरी. सणाच्या महिन्यात नाही जमलं तर नाही जमलं, डब्यातली मूठ तेवढी चालू ठेव. अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला ऊन कडक असतं, तेव्हा सगळं बाहेर काढून तपासायचं, ऊन द्यायचं आणि मृगाच्या आधी डबे बंद करायचे.

आणि हे सामान जपून ठेवायचं नाही, खायचं. साठवणीत सगळ्यात जास्त माल वाया जातो तो याच कारणाने, की लोक तो "अडीअडचणीचा" म्हणून बाजूला ठेवतात आणि वर्षाने उघडतात तेव्हा शेंगदाणे खवट झालेले आणि रव्यात जाळी धरलेली. वाण्याकडून नवीन पोहे आले की ते साठ्यात ठेवायचे आणि साठ्यातले नाष्ट्याला काढायचे. पावसाळा सरला की उरलेल्या पोह्यांचा दिवाळीला चिवडा करा, शेंगदाणे आणि गूळ संक्रांतीच्या लाडवांत घाला. म्हणजे एक दाणा फुकट जात नाही आणि पुढच्या उन्हाळ्यात डबे पुन्हा ताज्या मालाने भरतात. यासाठीच मी म्हणते, घरात जे खाल्लं जातं तेच साठवायचं. मोबाईलवर दिसणारी परदेशी डबाबंद पाकिटं तुमची मुलगी एरवी तोंडात घालणार नाही, ती पुराच्या भेदरलेल्या रात्री घालेल का?

किडीसाठी सासूबाईंना विचार. तूरडाळीला एरंडेलाचा हात चोळणं, तांदळात सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला घालणं, डबा भरायच्या आधी उन्हात खडखडीत तापवून गार करणं हे त्यांना हातासरशी येत असेल. अख्खी कडधान्यं भुंगा लवकर धरतात, डाळी त्या मानाने टिकतात, म्हणून साठ्यात डाळी जास्त ठेव. बाजरीचं पीठ लवकर कडू होतं, ते साठवूच नकोस. एक गोष्ट मात्र मी हात जोडून सांगते. धान्यात टाकायच्या म्हणून कुणी ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या दिल्या तर घरात आणू नकोस. त्यातून विषारी वायू सुटतो. बंद खोलीत झोपलेली माणसं त्याने दगावतात, लहान मुलं आधी. चार डब्यांच्या तांदळासाठी तसल्या विषाची काहीही गरज नाही.

हे ठेवायचं कुठे, यावर तुला सगळ्यात जास्त विचार करावा लागेल. तुमच्या शेजारच्या हरिपूरची हळदीची पेवं तू पाहिलीस का? कृष्णा-वारणेच्या संगमाजवळची ती माती अशी की जमिनीखाली खोल खणलेल्या पेवांत हळद वर्षानुवर्षं कीड न लागता राहायची. पिढ्यान् पिढ्यांचं कसब होतं ते. 2005 च्या महापुराचं पाणी पेवांत शिरलं आणि त्यातली कितीतरी कायमची निकामी झाली. साठवणीची पद्धत कितीही उत्तम असली तरी नदीला ती माहीत नसते. तुझ्या भिंतीवरची रेघ डोक्याच्या वर आहे, म्हणजे तुझा माळाही सुरक्षित नाही. म्हणून साठ्याचे दोन भाग कर. एक घरातला, रोजच्या वापरात फिरणारा, तो फळीवर राहू दे. दुसरा, न शिजवता खायचा आणि औषधांचा, तो फिरकीच्या झाकणाच्या प्लॅस्टिकच्या बरणीत भरून वरच्या मजल्यावरच्या घरमालकांकडे किंवा शेजाऱ्यांकडे ठेव. त्यांना आधीच सांग, "वहिनी, हा डबा तुमच्याकडे राहू दे, वेळ आली तर आपण सगळेच खाऊ." कोण नाही म्हणेल? 2019 च्या महापुरातही गावोगावच्या बायकांनी भाकरी थापल्या आणि चटण्या बांधून गाड्या भरून सांगली-कोल्हापूरला पाठवल्या. माणसं मदतीला येतातच. ती पोचेपर्यंतचे दोन-तीन दिवस मात्र आपापल्या गल्लीला काढावे लागतात.

पुराच्या पाण्याचा स्पर्श झालेलं धान्य मात्र नंतर वाळवून खायचं नाही. जीव तुटतो, मला माहीत आहे, अन्न टाकणं आपल्या रक्तात नाही. पण त्या पाण्यात गटारं असतात, मेलेली जनावरं असतात. असलं धान्य पोरीच्या पोटात जाता कामा नये.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. पिण्याला आणि शिजवायला माणशी दिवसाला तीन-चार लिटर धर. चौघांचे तीन दिवस म्हणजे पन्नास लिटरच्या आतबाहेर. ते दोन कॅन आणि घरातली हंडा-कळशी मिळून हे भागतं. इशारा आला की आधी पाणी भरायचं, कारण पाणी उपसायची केंद्रंच बुडाली की सगळीकडे पाणी असूनही नळ कोरडे पडतात. तुरटी फिरवली की गाळ खाली बसतो, पण जंतू मरत नाहीत. त्यासाठी पाणी उकळायला हवं किंवा आरोग्य खात्याकडून मिळणारं मेडिक्लोर बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात घालून अर्धा तास थांबायला हवं. कुणाला जुलाब लागले आणि ओआरएसची पुडी हाताशी नसली तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. हे प्रमाण बरणीच्या झाकणावर आतून चिकटवून ठेव. आणि पुराच्या पाण्यातून चालावं लागलं तर ओसरल्यावर लेप्टोसाठी, म्हणजे त्या घाण पाण्यातून होणाऱ्या तापासाठी, डॉक्टरांना विचारून घ्या, विशेषतः पायाला जखम असेल तर.

तुझ्या नवऱ्याबद्दल. त्याला बोल लावू नकोस, घराची काळजी करणारा माणूस आहे तो. पण हप्त्यावर साठा घ्यायचा नाही, यावर मी ठाम आहे. कर्ज काढून आणलेला साठा हीच पुढची अडचण होते. पूर आला आणि एमआयडीसीतलं काम आठ-पंधरा दिवस बंद पडलं तर हप्ता कुठून भरणार? त्याला म्हण, पंधरा हजारांचा हप्ता जेवढा बसला असता त्यातले पाचशे दर महिन्याला बाजूला टाकू या. त्यातून आधी गॅसची दुसरी टाकी लावून घ्या. मग दोन-तीन हजार रुपये दहा, वीस, पन्नासच्या नोटांत प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. वीज आणि मोबाईलचं नेटवर्क गेलं की एटीएमही चालत नाही आणि फोनवरून पैसेही जात नाहीत, आणि दुकानदाराकडे पाचशेची मोड नसते. त्याला हाताला काम हवं असेल तर फळ्या उंच लावण्याचं काम दे. ते आवडीने करेल.

कागदपत्रांची पिशवी तर या आठवड्यातच बांध, तिला पैसे लागत नाहीत. रेशनकार्ड, आधार, बँकेचं पासबुक, मुलीचा जन्मदाखला, सासूबाईंचे तपासणीचे कागद. तुम्ही भाडेकरू आहात म्हणून भाडेकरार आणि तुमच्या नावावरचं एखादं बिल आवर्जून ठेव, नाहीतर पंचनाम्याच्या वेळी तुम्ही तिथे राहत होता हेच सिद्ध करायला पळापळ होते. शिलाई मशीनचा, कपाटाचा, टीव्हीचा फोटो काढ आणि गावी भावाच्या मोबाईलवर पाठवून ठेव. मशीन हे तुझं पोटाचं साधन आहे. त्याचं डोकं सुटं होतं, ते वर न्यायची सवय आधीच करून बघ.

एवढं सगळं सांगितल्यावर जे मला खरोखर काळजीने सांगायचं आहे ते हे. घरात साठा आहे म्हणून घरात बसून राहायचं नाही. साठा असलेली माणसं कधीकधी जास्त वेळ थांबतात, "आपल्याकडे सगळं आहे, बघू अजून थोडं" म्हणतात, आणि मग रात्री अंधारात, पाणी कमरेला लागल्यावर निघावं लागतं. 8 ऑगस्ट 2019 ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली, बायका-मुलं गेली. ज्यांनी ते ऐकलं ते विसरू शकत नाहीत. आयर्विन पुलाची इशारा पातळी 40 फूट आहे आणि धोक्याची 45. 2019 ला पाणी 57 फुटांच्या पुढे गेलं होतं. 40 ला पाणी आलं आणि कोयनेतून विसर्ग वाढल्याची बातमी आली की तू सासूबाईंना आणि मुलीला घेऊन दिवसाउजेडी मिरजेला किंवा विश्रामबागला, जे कुणी नातेवाईक उंचावर असतील त्यांच्याकडे जा. नवरा मागे राहून मशीनचं डोकं आणि डबे वर चढवेल आणि 45 च्या आत तोही बाहेर पडेल. हे आताच ठरवा, तिघांनी बसून, आणि त्या नातेवाइकांनाही आताच विचारून ठेवा. प्रशासनाने निघा म्हटलं तर पातळीकडे बघत बसू नका. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा नंबर 1077, रुग्णवाहिकेचा 108, आणि कुठल्याही संकटाला 112. हे तिन्ही आकडे सासूबाईंकडून पाठ करून घे. निघताना मेन स्विच बंद, गॅसचा रेग्युलेटर बंद, आणि टाकी कशाला तरी घट्ट बांधलेली. मोकळी टाकी पाण्यात तरंगून कुठेही आदळते.